नावाची व्याप्ती : संगणकभाषांतील एका प्रश्नाचा इतिहास आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील नोंदी

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात प्रात्यक्षिकाच्या वेळी एक प्रसंग दरवर्षी हमखास घडतो. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील गावांची यादी एक्सएमएल स्वरूपातील फाइलमध्ये दिलेली असते. पीएचपी या भाषेत एक क्लास लिहून ती यादी वाचावयाची आणि पडद्यावर दाखवावयाची, एवढेच काम असते. विद्यार्थी क्लास लिहितो. फाइल उघडते, पार्सर चालतो, कोठेही चूक दाखविली जात नाही आणि अखेरीस यादी रिकामी येते. फंक्शनच्या आत छापून पाहिले तर प्रत्येक गावाचे नाव दिसते. फंक्शनच्या बाहेर आल्यावर मात्र काहीही शिल्लक नसते.

या प्रसंगाला पाठ्यपुस्तकात 'स्कोप'ची चूक म्हणतात. स्कोप म्हणजे नावाची व्याप्ती : एखादे नाव आज्ञावलीच्या कोणत्या भागात ओळखले जाते आणि तेथे ते कशाचे नाव असते. चूक दुरुस्त करण्यास दोन मिनिटे लागतात. परंतु ती होते का, हा प्रश्न विचारला की संगणकभाषांच्या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात शिरावे लागते. आणि त्या इतिहासातून बाहेर पडताना, निदान प्रस्तुत लेखकाला तरी, आपल्याच जिल्ह्यांतील सातबारे, जनगणनेचे क्रमांक आणि बांबूचे प्रकरण समोर दिसू लागते. प्रस्तुत लेखात हा प्रवास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. (मराठीत 'क्लास'ला 'वर्ग' म्हणावे तर तो शब्द महाविद्यालयात आधीच दुसऱ्या अर्थाने गुंतलेला आहे. म्हणून येथे 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' हेच शब्द ठेवले आहेत.)

व्याप्तीचा प्रश्न कोठून आला

नियमाची व्याप्ती सांगण्याची गरज संगणकाआधी व्याकरणाला भासली होती. पाणिनीच्या अष्टाध्यायीत काही सूत्रे केवळ मथळ्यासारखी आहेत. त्यांना अधिकारसूत्रे म्हणतात. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी प्रत्ययाविषयीचे अधिकारसूत्र येते आणि त्याचा अंमल पाचव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत चालतो. मधल्या शेकडो सूत्रांत तो शब्द पुन्हा उच्चारलेला नाही. तो गृहीत धरावयाचा असतो. अधिकार कोणता शब्द चालवितो हे मुळात स्वरित स्वराने दाखविले जात असे. पुढे पाठपरंपरेत ही स्वरचिन्हे लुप्त झाली आणि कोणता अधिकार कोठपर्यंत जातो हे ठरविण्यासाठी भाष्यांवर विसंबून राहावे लागले. व्याप्ती दाखविणारी खूण गळाली की मजकूर अक्षरशः तोच राहूनही अर्थ संदिग्ध होतो, याचे हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण असावे.

संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न १९६० साली स्पष्टपणे मांडला गेला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९५७ मध्ये, जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये फोरट्रॅन तयार झाली होती. १९६० च्या जानेवारीत पॅरिस येथे भरलेल्या बैठकीतून अल्गोल ६० ही भाषा आकाराला आली आणि पीटर नाऊर यांनी संपादित केलेला तिचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. या भाषेत आज्ञावलीचा कोणताही तुकडा 'बिगिन' आणि 'एंड' या दोन शब्दांत बंदिस्त करता येई. आत घोषित केलेले नाव आतच ओळखले जाई. बाहेर तेच नाव असले तरी आत शिरल्यावर आतल्या नावाने बाहेरचे नाव झाकले जाई आणि बाहेर पडताच बाहेरचे नाव पुन्हा दिसू लागे. घरातल्या घरात 'आबा' म्हटले की कोण हे सांगावे लागत नाही. शेजारच्या घरातही एक आबा असतात, पण गोंधळ होत नाही. अल्गोलचा नियम याहून फारसा वेगळा नव्हता.

जवळपास त्याच काळात जॉन मॅकार्थी यांनी घडविलेल्या लिस्प या भाषेने मात्र वेगळी वाट धरली. तेथे फंक्शनमधील अपरिचित नावाचा शोध ते फंक्शन जेथे लिहिले आहे तेथे न घेता, ज्याने त्याला हाक मारली त्याच्याकडे घेतला जाई. एकच फंक्शन दोन ठिकाणांहून बोलाविले तर त्यातील एकाच नावाचे दोन अर्थ निघत. फंक्शनच दुसऱ्या फंक्शनच्या हाती देण्याची वेळ आली की या पद्धतीतून विलक्षण चुका उद्भवत. त्यावरील उपाय सैद्धांतिक पातळीवर पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये 'क्लोजर' या संज्ञेने मांडला. फंक्शन एकटे पाठवावयाचे नाही. ते ज्या परिसरात जन्मले त्या परिसरातील नावांची शिदोरी त्याच्यासोबत बांधून द्यावयाची, असा तो विचार होता. १९७५ मध्ये जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांच्या स्कीम या भाषेने तो लिस्पच्या घराण्यात रुजविला.

ऑब्जेक्टची कल्पना वेगळ्या दिशेने आली. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा तयार केली आणि तिच्यात क्लास, ऑब्जेक्ट व 'धिस' हे तीनही शब्द आले. 'धिस' म्हणजे 'हा मी' : फंक्शन ज्या ऑब्जेक्टसाठी चालले आहे तो ऑब्जेक्ट. पुढे सी प्लस प्लस आणि १९९५ ची जावा यांनी हाच वारसा चालविला; मात्र त्यांनी एक सवलत दिली. क्लासच्या फंक्शनमध्ये एखादे नाव नुसते लिहिले आणि ते स्थानिक नसेल, तर ते ऑब्जेक्टचेच आहे असे समजले जाते. 'धिस' लिहिण्याची सक्ती नाही.

पीएचपीने ही सवलत दिली नाही. तिच्या फंक्शनमध्ये 'गावे' असे नुसते लिहिले तर ते त्या फंक्शनपुरते नवे नाव ठरते, आणि ते आधी घोषित करण्याचीही गरज नसते. ऑब्जेक्टची 'गावे' हवी असतील तर 'धिस'चा उल्लेख करून बाण काढावाच लागतो. आपले विद्यार्थी आधी सी प्लस प्लस किंवा जावा शिकून येतात. ते सवयीने नुसते नाव लिहितात. जावामध्ये ते बरोबर ठरले असते. पीएचपी मात्र एकही शब्द न बोलता नवी रिकामी यादी तयार करते, तिच्यात गाव भरते आणि फंक्शन संपताच ती टाकून देते. म्हणूनच या चुकीला निष्काळजीपणा म्हणणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही. एका भाषेत पूर्णतः शुद्ध असलेले वाक्य दुसऱ्या भाषेत नेले गेले, एवढेच घडलेले असते.

पार्सर कोणाला हाक मारतो

एक्सएमएलचा पहिला अधिकृत मसुदा वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केला. १९८६ च्या एसजीएमएल या आंतरराष्ट्रीय मानकाचे ते सुटसुटीत रूप होते. त्यात प्रत्येक घटक दुसऱ्या घटकाच्या पोटात असतो : जिल्ह्याच्या पोटात तालुका, तालुक्याच्या पोटात गाव. म्हणजे अल्गोलच्या तुकड्यांप्रमाणे येथेही आत-बाहेर आहे. दोन वेगळ्या संस्थांनी एकाच नावाचे घटक वापरले तर काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि जानेवारी १९९९ मध्ये नामावकाशाची, म्हणजे नेमस्पेसची, स्वतंत्र शिफारस काढावी लागली.

ही फाइल वाचणाऱ्या आज्ञावलीला पार्सर म्हणतात. जेम्स क्लार्क यांचा एक्सपॅट हा पार्सर पीएचपीमध्ये दीर्घकाळ वापरला गेला. त्याची रीत अशी की तो फाइल सुरुवातीपासून वाचत जातो; घटक सुरू झाला की एका फंक्शनला हाक मारतो, मजकूर आला की दुसऱ्याला, घटक संपला की तिसऱ्याला. या फंक्शनांची नावे आपण त्याला आधी सांगून ठेवावयाची. येथेच लिस्पचा जुना प्रश्न नव्या वेषात परत येतो. आपण पार्सरला नाव देतो ते क्लासच्या आत बसून. पार्सर ते नाव शोधतो क्लासच्या बाहेर. बाहेर तसे फंक्शन नसते. यासाठी पीएचपीमध्ये 'एक्सएमएल सेट ऑब्जेक्ट' नावाची सोय होती : ही नावे अमुक ऑब्जेक्टच्या घरातील आहेत, तेथे जाऊन हाक मार, असे पार्सरला सांगण्याची.

मे २००० मध्ये आलेल्या पीएचपी ४ मध्ये एवढे करूनही यादी रिकामी येण्याचा संभव होता आणि ती कथा ऐकण्यासारखी आहे. त्या आवृत्तीत बरोबरच्या चिन्हाने ऑब्जेक्ट दुसऱ्या नावाकडे दिला की त्याची प्रत तयार होत असे. नवा ऑब्जेक्ट निर्माण होताना त्याचे रचना-फंक्शन, म्हणजे कन्स्ट्रक्टर, आधी चाले. त्यातच 'हा मी' म्हणून पार्सरला ओळख करून दिलेली असे. त्यानंतर तो ऑब्जेक्ट एखाद्या नावाकडे सोपविताना त्याची प्रत होई आणि आपल्या हाती ती प्रत येई. पार्सर प्रामाणिकपणे मूळ ऑब्जेक्टमध्ये गावे भरत राही आणि आपण प्रतीमध्ये ती शोधत बसू. दोन्ही ऑब्जेक्ट निर्दोष, दोन्हींचे नाव-गाव सारखे, एक भरलेला आणि एक रिकामा. बरोबरच्या चिन्हापुढे संदर्भाचे चिन्ह जोडल्यास हा दोष जाई. जुलै २००४ मधील पीएचपी ५ ने ऑब्जेक्टची प्रत काढण्याची ही रीतच बदलली.

आणखी एक दोष येथे नोंदवावासा वाटतो, कारण देवनागरी वाचताना तो हमखास भेटतो. एक्सपॅट एकाच घटकातील मजकूर एकाच हाकेत देईल असे आश्वासन देत नाही. फाइल ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनी वाचण्याची प्रथा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. तुकड्याची सीमा 'गडचिरोली'च्या मध्यावर आली तर 'गडचि' एका हाकेत आणि 'रोली' दुसऱ्या हाकेत येऊ शकते. फंक्शनमध्ये आधीच्या मजकुराला जोडण्याऐवजी बरोबरचे चिन्ह लिहिले असेल तर जिल्ह्याचे नाव 'रोली' एवढेच उरते. जोडावयाचे म्हटले तर आधीचा तुकडा दोन हाकांच्या दरम्यान जिवंत राहिला पाहिजे, म्हणजे तो फंक्शनच्या नव्हे तर ऑब्जेक्टच्या व्याप्तीत असला पाहिजे. प्रश्न पुन्हा तेथेच येतो.

आपल्या जिल्ह्यांतील नावे

चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्यास व्याप्तीचा प्रश्न नवा नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा हे गाव कागदोपत्री 'मेंढा (लेखा)' असे लिहिले जाते, कारण नुसते मेंढा म्हटल्यास कोणते ते कळत नाही. लेखा हे शेजारचे, ग्रामपंचायतीचे गाव. नवेगाव नावाची गावे तर इतकी आहेत की नवेगाव पांडव, नवेगाव मोरे अशी जोडनावे पडली. चक, माल, तुकूम, रिठ ही येथील गावनावांना चिकटलेली पदेही तेच काम करतात. कोणत्याही समितीने शिफारस न करता लोकांनी आणि महसूल खात्याने मिळून हा नामावकाश तयार केला आहे.

उलट प्रकारही आढळतो. तालुका देसाईगंज, पण रेल्वे स्थानक वडसा. शहर बल्लारपूर, पण स्थानक बल्हारशाह. जिल्ह्याचे चांदा हे जुने नाव जाऊन चंद्रपूर झाले, तरी चंद्रपुरातील एका स्थानकावर 'चांदा फोर्ट' हे नाव कायम आहे. रेल्वेची व्याप्ती वेगळी, महसुलाची वेगळी.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गाव, तालुका आणि जिल्हा माथ्यावर लिहिलेला असतो. भूमापन क्रमांक १२ हा फक्त त्या मौजापुरता १२ असतो; पुढच्या मौजात दुसरा १२ असतो. कागदावर हे बिनधोक चाले, कारण माथा आणि क्रमांक एकाच कागदावर असत. जनगणनेतही पूर्वी गावाचा अनुक्रमांक तहसिलीपुरता असे. २००१ च्या जनगणनेत गडचिरोलीचा जिल्हा क्रमांक १२ आणि चंद्रपूरचा १३ होता, पण ते महाराष्ट्रापुरते; राज्याचा २७ हा क्रमांक पुढे लावल्याशिवाय त्यांना अर्थ नव्हता. २०११ मध्ये जिल्ह्यांना देशभर एकमेव असे क्रमांक मिळाले : गडचिरोली ५०८, चंद्रपूर ५०९. गावांनाही सहा अंकी क्रमांक मिळाले, जे देशात पुन्हा कोठे येत नाहीत. आज्ञावलीच्या भाषेत बोलावयाचे तर स्थानिक नावे जाऊन सार्वत्रिक नावे आली. सोय झाली हे खरे. मात्र २००१ आणि २०११ च्या आकडेवारीची तुलना करावयास बसलेल्या संशोधकास दोन व्याप्तींमधला तक्ता आधी हाती असावा लागतो.

पीएचपी ४ मधील दोन प्रतींचा प्रकारही आपल्याकडे आहे. जिवती तालुक्यातील परमडोली, मुकदमगुडा आदी चौदा गावांवर महाराष्ट्राबरोबर तेलंगण राज्यही हक्क सांगत आले. तेथील नागरिकांची नावे दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत आलेली आहेत. माणूस एक, नोंदी दोन. आणि एका नोंदीत जे भरले जाते ते दुसरीत आपोआप उमटत नाही.

बांबू : झाड की गवत

कायद्याच्या पुस्तकात पहिल्या काही कलमांत व्याख्या दिलेल्या असतात आणि त्यांच्या आधी 'या अधिनियमात' असे शब्द असतात. अल्गोलमधील 'बिगिन'चे काम हे शब्द करतात. या दोन शब्दांवर केवढे काही अवलंबून असते हे गडचिरोली जिल्ह्याने अनुभवले आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २(७) मध्ये 'झाड' या शब्दात बांबूचा समावेश होता आणि तोडलेले झाड म्हणजे इमारती लाकूड. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवताच्या कुळातील आहे, परंतु त्या अधिनियमाच्या व्याप्तीत ते झाड होते. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने कलम २(झ) मध्ये गौण वनोपजाची व्याख्या करताना बांबूचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे एकाच जंगलातील एकच बांबू एका अधिनियमात इमारती लाकूड आणि दुसऱ्यात गौण वनोपज ठरला.

मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क सर्वप्रथम मिळालेल्या गावांपैकी हे एक. ग्रामसभेने बांबू विकावयाचे ठरविले, तेव्हा वाहतूक परवान्याचा प्रश्न आला. वनविभागाने १९२७ ची व्याख्या धरली. ग्रामसभेने २००६ ची. वनहक्क अधिनियमाच्या कलम ४(१) चा आरंभच अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, अशा आशयाचा आहे. आतल्या घोषणेने बाहेरचे नाव झाकले जाते, हाच तो नियम. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज मानावे असे राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा येथे येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. १९२७ च्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द मात्र २०१७ च्या अध्यादेशाने आणि त्यानंतरच्या दुरुस्ती कायद्याने वगळला गेला, तोही वनेतर क्षेत्रावरील बांबू लागवडीस चालना मिळावी या हेतूने.

'गाव' या शब्दाचेही असेच आहे. महसुली गाव, ग्रामपंचायत, १९९६ च्या पेसा कायद्यातील वस्ती अथवा वस्त्यांचा समूह म्हणून गाव, वनहक्क अधिनियमातील गाव, असे निदान चार अर्थ आज या जिल्ह्यांत एकाच वेळी चालू आहेत. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा सर्वपरिचित आहे. तिच्यात 'सरकार' हे एकच नाव दोन व्याप्तींत दोन अर्थांनी आले आहे आणि कोणीही त्यात गफलत करीत नाही.

प्रात्यक्षिकाकडे परत

वनहक्काचे दावे, सातबारे आणि ग्रामसभांच्या नोंदी आता संगणकावर आहेत. एका संस्थेच्या संगणकातून दुसऱ्या संस्थेच्या संगणकात त्या एक्सएमएल किंवा तत्सम स्वरूपात जातात. मधली आज्ञावली लिहिणारा बहुधा आपल्याच वर्गातून बाहेर पडलेला असतो. दाव्याच्या पोटातील वनकक्ष क्रमांक वाचताना त्याने तो कोणत्या वनपरिक्षेत्राच्या पोटात होता हे सोबत जपले नाही, तर क्रमांक अचूक राहूनही जमीन दुसऱ्याच ठिकाणची ठरू शकते. आणि पीएचपीच्या त्या रिकाम्या यादीप्रमाणे येथेही चूक म्हणून काही दाखविले जाणार नाही. माथा एका कागदावर आणि क्रमांक दुसऱ्यावर, अशी स्थिती कागदी दप्तरात क्वचितच येई. संगणकीय तक्त्यात ती नित्याची आहे. म्हणून व्याप्तीचा धडा दोन गुणांच्या टीपेपुरता न ठेवता प्रात्यक्षिकाच्या केंद्रस्थानी आणावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भाषाही याच दिशेने सरकली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पीएचपी ८.४ ने 'एक्सएमएल सेट ऑब्जेक्ट' ही सोय कालबाह्य घोषित केली. पार्सरला आता नुसते नाव देऊन ते कोणाच्या घरचे हे वेगळे सांगण्याची रीत मोडीत निघत आहे. ऑब्जेक्ट आणि त्याचे फंक्शन ही जोडी एकत्रच द्यावी, अथवा क्लोजर द्यावे, अशी अपेक्षा आहे. लँडिन यांच्या संज्ञेला त्याच वर्षी साठ वर्षे झाली होती.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या फाइलमध्ये यंदा एक बदल केला आहे. 'वडसा' हे नाव स्थानकाच्या घटकात आणि 'देसाईगंज' हे तालुक्याच्या घटकात ठेवले आहे. दोन्ही एकाच ठिकाणची नावे आहेत हे फाइलमध्ये कोठेही लिहिलेले नाही. गडचिरोलीकडून येणारे विद्यार्थी ते न सांगता जोडतात. ते जोडण्यासाठी आज्ञावलीत काय लिहावे लागेल, हा पुढच्या तासाचा प्रश्न आहे.